शीर ओरडते तोवर

आमच्या थळच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, सांगतील, केसरच्या पायानं गुणाजी तांडेल उठून उभा राहिला. खोटं नाही ते. उभे राहिले माझे सासरे, सगळ्या गावानं बघितलं. त्यापुढचं मात्र कुणी सांगत नाही, आणि मी सांगायला गेले की म्हणतात, केसरला मेली खुसपटं काढायची सवयच हाय. असेल सवय. माझं तोंड माहेरच्या काशीदपासून इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी तेच तोंड माझ्या काडीच्या कामाला आलं नाही.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोकं नाही, पाय आधी बाहेर आले माझे. अशा माणसाच्या पायात गुण असतो म्हणतात. कुणाच्या कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की पायाळूनं लाथ मारायची आणि दुखण्यानं पळून जायचं. काशीदला मी चालायला लागले तेव्हापासून आमच्या दारात वाकडी झालेली माणसं यायची, पाठ करून उभी राहायची, मी लाथ मारायची आणि ते मला नारळ द्यायचे. लाथ मारून खाऊ मिळतो असं दुसरं कुठलं पोर तुम्ही बघितलंय? लग्न ठरलं तेही पायावरच. सासूनं, नीराबाईनं, माझा रंग विचारला नाही, हाताला काम येतं का विचारलं नाही. पोर पायाळू आहे म्हटल्यावर तिथल्या तिथं होकार दिला. आपल्या दाराला मान येईल म्हणून. मान आला, पण तो पायाला आला. पायाला हळदकुंकू, आणि मला, "केसर, भांडी कवाची पडलीत गो!"

माणसं बरी व्हायची का? व्हायची की. साधी उसण चार दिवसांत आपली आपण सुटते. चौथ्या दिवशी आलेल्याला लाथ लागू पडायची, आणि पहिल्या दिवशी आलेला म्हणायचा, आज वार चांगला नव्हता. मला हे केव्हाच कळलं होतं. पण मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं?

त्या घरात माझ्याशी माणसासारखं वागणारं एकच माणूस, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. माझा नवरा अनंता मुंबईला गोदीत कामाला, सणासुदीला यायचा, तोही साहेबाच्या मर्जीनं. मामा जेवताना माशाची चांगली तुकडी ताटात तशीच ठेवायचे आणि म्हणायचे, "पोट भरलं माझं, पोरीला वाढ." सासू म्हणायची, "पोट भरलं तर घेतली कशाला?" ते हसायचे. वाड्यातले सगळ्यांत जुने तांडेल ते. मचवा त्यांचा, सुकाणूही त्यांच्या हातात. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ त्यांचा, मग त्यांचा मचवा पाण्यात, आणि त्याच्यामागून बाकीच्यांचे. असं त्यांच्या बापापासून चालत आलेलं. बाकी त्यांना कसली हौस नव्हती. दारू नाही, तंबाखू नाही, एवढी एक पौर्णिमा होती.

जेठात, पाऊस तोंडावर आला की मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवतात. खाली लाकडाचे ओंडके टाकायचे आणि सगळ्या वाड्यानं मिळून ढकलायचं. त्या वर्षी मामांचा मचवा वर चढत असताना एक ओंडका सटकला आणि मचवा कलला. बाकीच्यांनी हात काढून घेतले, शहाणी माणसं ती. मामांनी मात्र खाली पाठ लावली. मचवा वाचला. पाठीत काहीतरी कट्कन झालं म्हणाले, पण चालत घरी आले, जेवले, निजले. सकाळी उठायला गेले तर उठता येईना.

उसण म्हणावी तर तसली नव्हती. कळ कंबरेतून निघायची आणि डाव्या कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जायची. खोकला आला की तोंड काळंनिळं व्हायचं. शिंक येईल म्हणून घाबरायचे. वादळात मचवा सोडून न गेलेला माणूस शिंकेला घाबरायचा! एका कुशीवर कोलंबीसारखे वाकडे होऊन पडलेले असायचे आणि डोळ्यांतून पाणी आपलं गळत राहायचं. मला बघवायचं नाही.

सासू म्हणाली, "घरात पायाळू असताना वाट कसली बघतेस? मार लाथ."

"सासऱ्याला?" मी म्हटलं. "उद्या मी नरकात गेले तर तुम्ही येणार काय सोबतीला?"

मामाही नको म्हणाले. सुनेचा पाय अंगाला लावून घ्यायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मग सासूनं तेल काढलं, निगडीचा पाला उकळला, आणि वाड्यातल्या एका पैलवानाकडून कंबर रगडून घेतली. पैलवान हुश्श करत उठला, आणि मामांना त्या दिवसापासून पाय सरळच करता येईना. तेव्हा मी ठरवलं की आता कुणाला विचारायचं नाही. मी अलिबागच्या बाजारात मासळी विकायची, तिथला डॉक्टर आणि त्याचा दवाखाना मला ठाऊक होता. आतल्या गावातल्या भातवाल्या सदूची बैलगाडी सांगितली, खाली पेंढा घातला, वर गोधडी घातली आणि मामांना घेऊन निघाले. रस्त्याला खड्डा आला की मामा ओरडायचे आणि मी सदूला शिव्या द्यायची. बिचारा सदू. खड्डे काय त्यानं खणले होते?

डॉक्टरनं मामांना उताणं निजवलं आणि डावा पाय गुडघा न वाकवता वर उचलला. थोडासाच. मामा असे ओरडले की बाहेर बैल बिचकले. मग डॉक्टरनं पायाला टाचणी टोचून बघितली, अंगठा वर करायला लावला. अंगठा वर झाला. "छान," डॉक्टर म्हणाला. मला राग आला. माणूस मरायला टेकलाय आणि हा छान म्हणतो!

माझ्या कंबरेला चुंबळ खोचलेली होती. सवयच ती. डॉक्टरची नजर तिच्यावर गेली. म्हणाला, "बाई, ती इकडे द्या जरा. पाटीखाली ठेवता ना ही?"

"व्हय. न्हायतर पाटी टाळूत रुतंल."

"तर मग ऐका. पाठीत मणके असतात, एकावर एक रचलेले. आणि दर दोन मणक्यांच्या मध्ये अशीच एकेक चुंबळ असते, हाडाला हाड रुतू नये म्हणून. वरून घट्ट आणि आत मऊ गर. मचव्याच्या भारानं यांची एक चुंबळ फाटली आणि आतला गर बाहेर आला. तिथून पायाकडे शीर जाते, तिच्यावर तो दाबून बसलाय. बिघाड पाठीत आहे, ओरडतोय पाय." मग म्हणाला, "विलायतेतल्या डॉक्टरांनाही हे आत्ता आत्ता उमगायला लागलंय. तुम्हाला कळलं का?"

कळलं की. डोक्यावर ओझं वाहणारीला चुंबळ कळणार नाही तर कुणाला कळणार? मी विचारलं, "मग औषध काय?"

"पडून राहणं. कडक फळीवर, गुडघ्यांखाली गुंडाळी घेऊन. वाकायचं नाही, बसायचं नाही, काही उचलायचं नाही. गरम शेक द्या. तो गर आपोआप सुकत जातो, बहुतेकांचा जातो. पण वेळ लागतो."

"आणि लाथ?"

"कसली लाथ?"

मी पायाळूचं सांगितलं. डॉक्टरनं चष्मा काढला. हसेल असं मला वाटलं होतं, पण हसला नाही. म्हणाला, "यांना मारू नका. फाटक्या चुंबळीवर लाथ बसली तर उरलेला गरही बाहेर येईल." मग मामांच्या पायावर हात ठेवून तो जे बोलला ते मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. "शीर ओरडतेय तोवर ती जिवंत आहे. एखाद्या दिवशी दुखणं एकाएकी थांबलं, पाय बधीर झाला आणि हा अंगठा वर उचलेना, तर बरं वाटलं म्हणून हुरळून जाऊ नका. शीर मरायला टेकली की ओरडायची थांबते. त्याच दिवशी इकडे या, मी चिठ्ठी देतो, मुंबईला न्यावं लागेल. उशीर केलात तर पाय परत यायचा नाही."

घरी येऊन मी सासूला सगळं सांगितलं. चुंबळ हातात घेऊन दाखवलं. सासू म्हणाली, "त्या डॉक्टरनं जन्मात पाटी उचललीय काय? चुंबळीचं सांगतो मला!"

पण मी हटले नाही. जुन्या मचव्याची फळी जमिनीवर टाकली. गोधडी गुंडाळून गुडघ्यांखाली दिली. तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीनं शेकायची. कूस बदलायची तर मधे पीळ पडू द्यायचा नाही, ओंडका वळवतात तसं अख्खं अंग एकदम वळवायचं. वरच्या वाशाला जाळ्याचा जुना दोर बांधून दिला, म्हणजे हाताला धरायला आधार. हगणं-मुतणं सगळं माझ्याच हातानं. लाज त्यांना वाटायची, मलाही वाटायची. ते डोळे मिटून घ्यायचे आणि मी तोंडानं अखंड बडबड करायची, अमकीच्या सुपातलं सुकट मांजरानं खाल्लं, तमकीच्या सुनेनं तवा फोडला, कुठलंही काहीही. मधेच ढग गडगडला की सासू मला खेचून आत न्यायची, कारण वीज पायाळूवर पडते. काळजी माझी नव्हती, पायाची होती.

रोज सकाळी मी मामांना विचारायची, "काय मामा, ओरडते काय?"

"ओरडते गो पोरी," मामा म्हणायचे. "जिती हाय मेली."

मग अंगठा वर करून दाखवायचे, आणि आम्ही दोघं हसायचो. दुखण्यावर हसणारी आम्ही दोघंच असू साऱ्या कोकणात.

आणि उतार पडत होता, देवाशपथ पडत होता. पोटरीतली कळ वर मांडीपर्यंत आली, शिंक सोसायला लागली. पाय सरळ करून निजायला लागले. मी म्हटलं, होणार, माझा मामा उठणार. मला इतका आनंद झाला होता की सासूशीसुद्धा गोड बोलत होते.

श्रावण लागला आणि मामांचा जीव किनाऱ्याकडे ओढायला लागला. एक दिवस मी बाजारात गेले होते. तेवढ्यात मामांनी सासूला हाताशी धरून उठून बघितलं. मचव्यापर्यंत जाता येतंय का बघू म्हणे. ओटीच्या पायरीवरच घसरले आणि बसकण मारली. मी परत आले तर कळ पुन्हा अंगठ्यापर्यंत गेलेली, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट. मी सासूला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. मामांनाही बोलले. ते म्हणाले, "चूक झाली गो," आणि भिंतीकडे तोंड केलं. मग मीच रडत बसले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, बाबाजी पाटील चार माणसं घेऊन ओटीवर आले. वाड्याचे पाटील ते, तसा माणूस वाईट नाही. आत फळीवर पडलेल्या मामांकडे बघून म्हणाले, "तांडेल, उद्या पुनव. नारळ कोन टाकील?"

"तुम्ही टाका की," मी म्हटलं.

"तांडेल जिता असताना? आन् सुनबाई, राग मानू नको, पण गावभरच्या कंबरा तुझ्या पायानं सुटल्या, घरचा मानूस तेवढा असा पडून? लोक काय म्हनतात ठाऊक हाय?"

"लोकांच्या तोंडाला झाकण मी लावू? डॉक्टरनं सांगितलंय, लाथ मारायची न्हाय."

"डॉक्टर काय पायाळू हाय?" त्यांच्यातला एक म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी चुंबळीचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि बाबाजी म्हणाले, "असंल तसंही. पन एकदा पाय लावून बघायला काय हरकत हाय?"

आणि तेवढ्यात सासू आतून आली. जन्मात जिनं मला कधी बरं म्हटलं नाही ती नीराबाई माझ्यासमोर खाली बसली आणि चार माणसांदेखत माझ्या पायावर डोकं ठेवलं. "तुझ्या पायाची भीक मागते गो केसर," म्हणाली. "मला घालून पाडून बोल, घरातून हाकल, पन माझ्या मानसाला उठव." तिचं रडणं माझ्या पावलावर गरम गरम लागत होतं. मी पाय मागं घेतला तर ती तशीच पुढं सरकली. मला त्या क्षणी तिचा राग आला नाही, हेच वाईट झालं. राग आला असता तर मी तोंडावर नाही म्हणून सांगितलं असतं.

मामा फळीवरून म्हणाले, "लाव गो पोरी पाय. असा पडून ऱ्हायचा कटाळा आला मला."

मी त्यांच्याजवळ गेले, पाया पडले. पाया पडताना कानाशी पुटपुटले, "मामा, मी नुसता टेकवीन. भार टाकणार न्हाय. तुम्ही ओरडा." त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं. मग सगळ्यांनी मिळून त्यांना हळूच पालथं केलं. मी देवाचं नाव घेतलं, पाय उचलला, मोठा झोका घेतला आणि निजलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण टाकावं तसा त्यांच्या कंबरेला टेकवला. मामा असे काही कोकलले की बाबाजींनी कानाला हात लावले. नाटक छान करायचे. दरवर्षी शिमग्याला सोंग घ्यायचे ते उगाच नाही.

सगळे निघून गेले. मला वाटलं, सुटले बाई. उद्या म्हणतील वार चांगला नव्हता, आणि विषय संपेल.

सकाळी मी चुलीवर पाणी ठेवलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय मामा, ओरडते काय?"

मी वळून बघितलं. ते उताणे पडून वाशाकडे बघत होते. तोंडावरचा पीळ गेलेला, कपाळ साफ.

"न्हाय गो ओरडत," ते म्हणाले. "अजिबात न्हाय."

मी चुलीपासून उठून जवळ गेले. "मामा, अंगठा वर करा."

ते बघत होते पायाकडे. मीही बघत होते. उजवा अंगठा वर झाला. डावा नाही झाला.

"करा ना मामा. करा की."

"करतोय गो," मामा म्हणाले. "कवापासून करतोय."

मी चुलीतली काडी घेतली, विझवली आणि तिचं टोक त्यांच्या पावलावर टोचलं. कळलं नाही. पोटरीवर टोचलं, कळलं नाही. आणि सासू मागून ऐकत होती, तिनं एवढंच ऐकलं की दुखत नाही. ती ओरडत बाहेर पळाली, "दुखनं गेलं! माझ्या केसरच्या पायानं दुखनं गेलं!" माझ्या केसरच्या म्हणाली. इतकी वर्षं मी ते ऐकायला बसले होते, आणि ऐकायला मिळालं ते कधी!

घर माणसांनी भरलं. मी घसा फोडून सांगत होते, हे बरं झालेलं नाही, शीर मरतेय, गाडी आणा, आत्ताच्या आत्ता अलिबागला जायला पाहिजे. कुणी ऐकेना. मी म्हटलं, "अरे मेल्यांनो, मी लाथ मारलीच न्हाय! नुसता पाय टेकवला! सोंग केलं आम्ही!"

बाबाजी पाटलांनी हात जोडले. "बघा," सगळ्यांना म्हणाले, "नुसता टेकवला तर एवढा गुण!"

आता काय डोकं आपटायचं? मी सदूच्या गावाकडे धावत गेले. सदू म्हणाला, आज सणाचे बैल जुंपत नाही गं बाई, आणि तांडेल उठला असं ऐकलं मी, मग घाई कसली? उद्या पहाटे येतो. मी त्याच्या अंगणात खाली बसले, हातापाया पडले. त्यानं पाणी दिलं मला. चांगला माणूस होता. उद्या आलाही तो, आणि उद्या आम्ही गेलोही. डॉक्टरनं टाचणी टोचली, पुन्हा टोचली, आणि टाचणी टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. पण ते उद्याचं.

मी परत आले तेव्हा मामांना नवं धोतर नेसवलं होतं, डोक्याला लाल टोपी घातली होती. मी त्यांच्यापुढं आडवी झाले. "मामा, तुम्ही तरी सांगा. तुम्ही ऐकलंय ना डॉक्टरचं? आजच्या आज जायला पाहिजे."

"ऐकलंय," मामा म्हणाले. "पन बैल उद्या येतील ना? मग आज घरात पडून काय करू, सांग." माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आजची पुनव मला दे गो. उद्या तू म्हनशील तिथं येतो."

बैल आज नाहीत, हे खरंच होतं. मी काय करणार होते? पाठीवर टाकून न्यायला गेले असते तर चुंबळीचं आणखी वाटोळं झालं असतं. मी बाजूला झाले.

दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं आणि मामा चालत निघाले. चालत म्हणजे उजवा पाय टाकायचा आणि डावा मागून ओढत आणायचा. डाव्या पायाची बोटं वाळूत रेघ काढत होती, लांबच लांब, आमच्या दारापासून पाण्यापर्यंत. लोक पुढं बघत होते, वाजंत्री वाजत होती, बायका गात होत्या. ती रेघ मी एकटीच बघत मागून चालले होते. एक म्हातारी मधेच माझ्यापुढं येऊन पाठ करून वाकली, "माझ्या कंबरेला पन लाव गो पाय." मी तिला असं ढकललं की ती वाळूत बसली. तरी ती हात जोडत म्हणाली, "लागला, लागला हां!"

दर्या तेव्हा गढूळ असतो. मामा गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी दोघांना सांगितलं, "सोडा आता. नारळ टाकताना तांडेलाला कोन धरतं काय?" ते दोघे मागं झाले. मी गेले पुढं, लुगडं भिजवत, आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. कुणी काही म्हटलं नाही. पायाळू होते ना मी, आज माझाच मान होता. समोर खांदेरीचं बेट दिसत होतं. मचवा मागं फुलांनी मढवून ठेवलेला, सगळा वाडा मामांच्या हाताकडे बघत होता.

मामांनी नारळ वर उचलला. पण टाकला नाही. समोर दर्याकडे बघत, ओठ फारसे न हलवता त्यांनी मला विचारलं, "पोरी, माझा डावा पाय पान्यातच हाय ना गो?"

मी खाली बघितलं. गढूळ पाण्यात मलाही काही दिसेना. मी वाकले, पाण्यात हात घातला, त्यांचं पाऊल चाचपलं. होतं तिथंच. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"पान्यातच हाय, मामा," मी म्हटलं. "टाका नारळ."